जपानमध्ये आपल्या माणसाला अटक झाली तर: पहिल्या तेवीस दिवसांत घरच्यांनी काय करायचे

गोव्यात फौजदारी प्रकरण म्हटले की डोळ्यांसमोर कोर्ट येते. जामिनाचा अर्ज, मेरशीच्या किंवा मडगावच्या न्यायालयातल्या तारखा, फिरलेले साक्षीदार आणि कधीतरी वर्षांनी लागणारा निकाल. वकील हुशार असला तर तो कोर्टात लढून सोडवील, असा आपला हिशेब असतो. जपानमध्ये हा हिशेब चालत नाही. तिथे आरोप दाखल होऊन न्यायाधीशापुढे गेलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त दोषी ठरतात. भारतात २०२२ साली दंड संहितेखालच्या खटल्यांत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते.

या ९९ वरून ‘जपानमध्ये अडकला तो संपला’ म्हणणारे भेटतात, आणि ‘जपानी पोलीस चुकतच नाहीत’ म्हणणारेही. दोघांनीही अर्धाच आकडा वाचलेला असतो. पोलिसांकडून आलेल्या प्रकरणांपैकी जेमतेम एक तृतीयांशांत सरकारी वकील आरोप ठेवतो. पुरावा कच्चा असेल तर तो प्रकरण सोडतोच. पण गुन्हा झाल्याचे स्पष्ट दिसत असतानाही माणसाचे वय, पश्चात्ताप आणि भरपाई पाहून सोडण्याची मुभा त्याला कायद्यानेच आहे, आणि ती तो सढळ हाताने वापरतो. म्हणजे चाळणी लागते ती कोर्टाच्या दाराबाहेर, अटकेनंतरच्या तेवीस दिवसांत. घरच्यांनी जी काय धावपळ करायची ती याच दिवसांत. नंतर कितीही मोठा वकील दिला तरी त्याच्या हातात फारसे उरलेले नसते.

पासपोर्ट कुठल्या देशाचा?

गोव्यात हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या माणसासाठी टोकियोतला भारतीय दूतावास काही करू शकत नाही; तिथे पोर्तुगालच्या दूतावासाचे दार ठोठवायचे. भारतीय पासपोर्ट असेल तर टोकियोचा दूतावास किंवा पश्चिम जपानसाठी ओसाकातली वकिलात. दोघांना एकदम ईमेल करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. ईमेलमध्ये एवढेच लिहा: पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, शेवटचा पत्ता, नोकरीची जागा किंवा शाळा, चालू असलेली औषधे आणि तुमचे नाते. प्रकरणाची हकीकत लिहू नका. तुम्हाला ती अर्धवटच माहीत असते, आणि चुकीची हकीकत कागदावर गेली की निस्तरत बसावे लागते.

१९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला ‘तुझ्या दूतावासाला कळवू का’ असे पोलिसांनी विचारायचे असते. त्याने हो म्हटले तरच ते कळवतात. बरेच जण घरी कळेल, नोकरी जाईल या भीतीने नाही म्हणतात. जपानला जाणाऱ्याला हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा: हो म्हण.

दूतावास वकिलांची यादी देतो, भेटीला जातो, निरोप पोचवतो. सुटका करत नाही. आमदाराला किंवा मंत्र्याला फोन लावायची आपली सवय इथे कामाची नाही. जपानी पोलीस ठाण्यात बाहेरून आलेल्या वजनदार फोनने काहीच हलत नाही, उलट वेळ जातो.

आणखी एक: कोठडीतून त्याला घरी फोन करू देत नाहीत. दोन दिवस मोबाइल बंद, कामावर हजेरी नाही, असे झाले तर हॉस्पिटलांबरोबर ही शक्यताही धरा. तारवटी असेल तर जहाजाच्या स्थानिक एजंटला आणि भरती केलेल्या कार्यालयाला विचारा. जहाज कुणासाठी थांबत नाही. ते निघून गेलेले असते आणि माणसाचे सामान एजंटकडे पडलेले असते.

दिवस कसे मोजायचे

भिंतीवरचे कालनिर्णय घ्या आणि अटकेच्या तारखेवर १ लिहा. पोलिसांनी ४८ तासांत माणसाला सरकारी वकिलाकडे पाठवायचे असते. सरकारी वकिलाने पुढच्या २४ तासांत न्यायाधीशाकडे कोठडी मागायची. न्यायाधीश १० दिवस देतो, आणि मागितल्यास आणखी १० पर्यंत. झाले २३. शनिवार-रविवार यातच मोजले जातात.

आपल्याकडे अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांच्या पुढे जात नाही, आणि जामिनाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी करता येतो. इंग्लंडमध्ये आरोप न ठेवता साधारण २४ तास, गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने ९६ तासांपर्यंत ठेवतात. जपानमध्ये आरोप दाखल होईपर्यंत जामीन हा प्रकारच नाही, आणि हे सगळे दिवस बहुतेक वेळा तुरुंगात नव्हे तर पोलीस ठाण्याच्याच कोठडीत जातात. चौकशी करणारे आणि कुलूप लावणारे एकाच इमारतीत.

शिवाय तेवीस दिवस एका गुन्ह्याचे. दुसऱ्या गुन्ह्यासाठी पुन्हा अटक दाखवली की घड्याळ शून्यावर येते. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल एकदा आणि सेवनाबद्दल पुन्हा, हे नेहमीचे. निसानचे कार्लोस घोन यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये पकडले, असे पुन्हा पुन्हा अटक दाखवत त्यांचे पहिल्या जामिनापर्यंत १०८ दिवस कोठडीत गेले.

कालनिर्णयावर ३, १३ आणि २३ या दिवसांना गोल करा. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास न्यायाधीश कोठडी ठरवतो. बाकीच्या दोन तारखांना पुढे काय करायचे ते सरकारी वकील ठरवतो. तुमचा प्रत्येक कागद या तारखांच्या किमान दोन दिवस आधी वकिलाच्या हातात हवा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथली कार्यालये सकाळी ९ ला उघडतात तेव्हा गोव्यात साडेपाच वाजलेले असतात, तेव्हा गजर लावूनच झोपा.

वकील

अटक झालेल्या कुणालाही एकदा फुकट भेटणारा पाळीचा वकील मिळतो. त्याला ‘तोबान बेंगोशी’ म्हणतात. पोलिसांना एवढेच म्हणायचे: ‘तोबान बेंगोशी ओ योन्दे कुदासाई.’ हे वाक्य जपानला निघालेल्या प्रत्येकाने पाठ करावे, ‘कोन्निचिवा’च्या आधी. हा वकील त्या त्या भागातली वकील संघटना पाठवते, दुभाष्यासकट. घरच्यांनीही त्या संघटनेकडे मागणी केली तर चालते, त्यामुळे माणूस कुठल्या पोलीस ठाण्यात आहे हे आधी कळायला हवे.

न्यायाधीशाने कोठडी दिली की, स्वतःची मालमत्ता ५ लाख येनपेक्षा कमी असणाऱ्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. २०१८ पासून ही सोय कोठडीतल्या सगळ्यांना, गुन्हा कुठलाही असो. खासगी वकील द्यायचा तर नेमणूक आईवडील, नवरा-बायको, मुले किंवा सख्खी भावंडे स्वतः करू शकतात. मामा, चुलतभाऊ, गाववाला मित्र पैसे भरू शकतो, नेमणूक करू शकत नाही.

वकिलाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: कोठडीच्या आदेशाविरुद्ध अर्ज करणार का, भेटीवर बंदी आली आहे का, आणि फिर्यादीशी समझोता शक्य आहे का. चांगला वकील तिन्हींचे उत्तर लगेच देतो. कोठडी टाळायची तर जपानमध्ये राहणाऱ्या कुणीतरी ‘हा पळणार नाही, मी लक्ष ठेवीन’ असे लेखी द्यावे लागते: मालक, शाळेतले शिक्षक, तिथे स्थिरावलेला नातेवाईक. गोव्यातल्या वडिलांचे पत्र जोडा, पण त्याचे वजन कमी, कारण ते तिथे नाहीत.

दुभाषी

कोकणी किंवा मराठीचा दुभाषी मिळणे दुरापास्त. इंग्रजी किंवा हिंदी मिळते. आपल्या माणसाला ज्या भाषेत भांडता येते ती मागा. ‘इंग्लिश ओके’ म्हणून मोकळे होणे महागात पडते. जहाजावरचे कामचलाऊ इंग्रजी चौकशीच्या खोलीत पुरत नाही. आणि जपानी थोडेफार येणाऱ्यांनी तर जपानीत एकही उत्तर देऊ नये. तिथल्या रेस्टॉरंटात दोन वर्षे काम केलेला मुलगा मान डोलावत ‘हाय, हाय’ म्हणत बसतो. त्याच्या मनात ‘ऐकतोय’ असते, समोरच्याला ‘हो, केले’ वाटते.

जबानीवरची सही

सगळ्या प्रकरणात इतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही.

जपानी पोलीस प्रश्नोत्तरे जशीच्या तशी क्वचितच लिहितात. चौकशी करणारा अधिकारी आरोपीच्या तोंडून बोलल्यासारखी, ‘मी’ने सुरू होणारी सलग हकीकत तयार करतो. समजा, स्टेशनबाहेर धूळ खात पडलेली सायकल मुलाने उचलली. तो सांगतो, ‘कुणीतरी टाकून दिलीय असे वाटले.’ कागदावर येते, ‘ती दुसऱ्या कुणाची तरी आहे हे मला कळत होते, पण चालायचा कंटाळा आला म्हणून मी ती घेतली.’ दुभाषी भरभर वाचून दाखवतो. मुलाच्या कानावर सायकल, स्टेशन, घेतली एवढे पडते. गोष्ट तर तीच, म्हणून तो सही करतो आणि बोट टेकवतो. पहिल्या वाक्यात गुन्ह्याचा हेतू नव्हता. दुसऱ्यात आहे.

आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, आणि चौकशीत पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायलाच कायद्याने मनाई आहे. ‘पोलिसांसमोर काहीही बोललो तरी कोर्टात फिरवता येते’ हे त्यामुळे आपल्या अंगात भिनलेले. जपानमध्ये सही केलेली अशी जबानी कोर्टात थेट पुरावा होते. केवळ कबुलीवर शिक्षा देऊ नये असे त्यांच्या घटनेचे कलम ३८ सांगते, पण जोडीला थोडासा आधार मिळाला की पुरते.

म्हणून भेटीत वकिलाने त्याला हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे. हकीकत पूर्ण वाचून घे, एकेक वाक्य थांबवून. चूक असेल तर दुरुस्त करायला सांग. तो हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेला आहे. दुरुस्ती केली नाही, किंवा कळलेच नाही, तर सही करू नको. सही नाकारल्याबद्दल शिक्षा नाही. ‘आता सही कर, कोर्टात सांग काय ते’ असे कुणी म्हणाले तर सही करायची नाहीच. वकील संघटनेची आरोपीसाठी एक वही असते, ती मागून घ्या. रोज किती वाजता चौकशी सुरू झाली, काय विचारले, काय धमकावले, हे त्याने त्यात त्याच दिवशी लिहायचे.

गप्प राहण्याचा हक्क जपानलाही आहे. पण गप्प राहिलेल्याला खोलीतून उठू देत नाहीत. तासन्‌तास समोर बसवून विचारत राहतात. वकील शेजारी नसतो. इंग्लंडमध्ये तो चौकशीत बाजूला बसतो, दक्षिण कोरिया आणि तैवानमध्येही बसता येते. भारतात चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ नसला तरी. जपानमध्ये दाराबाहेर. चौकशीचे चित्रीकरण जून २०१९ पासून सक्तीचे झाले, पण न्यायाधीशांबरोबर सामान्य नागरिकही निकाल द्यायला बसतात असे गंभीर खटले आणि सरकारी वकिलाने स्वतः हाती घेतलेली प्रकरणे एवढ्यापुरतेच. एकूण प्रकरणांच्या ३ टक्क्यांच्या आसपास. सायकल, बारमधली मारामारी, दुकानातली चोरी यांत कॅमेरा नाही.

या खोलीत काय होऊ शकते याचे टोक म्हणजे इवाओ हाकामादा. १९६६ मध्ये अटक, वीस दिवसांच्या चौकशीनंतर कबुली, कोर्टात ती नाकारली, तरी १९६८ मध्ये फाशीची शिक्षा. २६ सप्टेंबर २०२४ ला शिझुओकाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि कबुलीचा कागद व रक्ताळलेले कपडे हे बनावट पुरावे होते असे म्हटले. असे टोक रोज घडत नाही. रोज घडते ते सायकलीचे.

भेट, पैसे, कपडे

घरच्यांची भेट कामाच्या दिवशी, दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे, पोलीस समोर बसलेला. परदेशी भाषेत बोलायचे तर आधी परवानगी आणि बहुधा स्वतःच्या खर्चाने दुभाषी. विमानाचे तिकीट काढण्याआधी वकिलाला विचाराच, कारण न्यायाधीश भेटीवर बंदी घालू शकतो. मग वकील सोडून कुणाला भेट नाही, पत्र नाही. वकील मात्र रात्री, सुटीच्या दिवशीही, पोलीस हजर नसताना भेटतो. बंदी असतानाही चेहरा बघायचा एक मार्ग आहे: कोठडीची कारणे खुल्या न्यायालयात सांगावीत अशी मागणी. ती आईवडील, नवरा-बायको, भावंडे करू शकतात. सुनावणी छोटी असते, पण माणसाला पाठीमागच्या बाकावर घरचे दिसतात.

कपडे द्यायचे ते नाडी आणि दोरी नसलेले. घरचा डबा, चिवडा, लाडू घेत नाहीत. रोख रक्कम तिथल्या ओळखीच्या माणसाकरवी जमा करता येते, त्यातून तो साबण, वही वगैरे घेतो. बाहेरच्या गोळ्या स्वीकारत नाहीत, म्हणून मधुमेह, रक्तदाब, फिट्स असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, ब्रँडच्या नावाने नव्हे, इंग्रजीत वकिलाकडे पाठवा. शाकाहारी असेल तर तेही कळवा.

समझोता

फिर्यादी असलेल्या गुन्ह्यांत, म्हणजे मारामारी, चोरी, धक्काबुक्की, सरकारी वकील सर्वांत आधी बघतो की दुखावलेल्या माणसाशी ‘जिदान’ झाला का. माफीपत्र, भरपाईची रक्कम, आणि ‘मला शिक्षा नको आहे’ असा फिर्यादीचा कागद. हे तिन्ही वेळेत पोचले तर पहिल्यांदाच सापडलेला माणूस आरोप न लागता सुटण्याची शक्यता बरीच वाढते. पैसे देऊन प्रकरण मिटवले असे आपल्याला वाटते खरे, पण तिथे ही राजरोस आणि अपेक्षित पायरी आहे. फिर्यादीचा पत्ता तो तयार असेल तर वकिलालाच देतात, घरच्यांना नाही. तुम्ही किंवा त्याच्या रूममेटने परस्पर गाठायचा प्रयत्न केला तर ‘साक्षीदारावर दबाव’ हे कारण कोठडी वाढवायला आयते मिळते. आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी जिदान करायचा का, हा निर्णय वकिलाशी बोलून, थंड डोक्याने.

छोट्या गुन्ह्यात सरकारी वकील दंडावर मिटवायचा प्रस्ताव देतो, १० लाख येनपर्यंत, खटला न चालवता. त्याला आरोपीची संमती लागते. सोपे वाटते, पण ती शिक्षाच असते आणि व्हिसाच्या नूतनीकरणात दिसते.

आरोप लागला तर

आता जामीन मागता येतो. आपल्याकडे बहुतेकदा हमीदार उभा करून बॉण्डवर काम भागते. तिथे पूर्ण रक्कम आधी जमा करायची. साध्या प्रकरणातही दहा-वीस लाख येनांची तयारी ठेवा. अटी पाळल्या तर निकाल काहीही लागो, पैसे परत मिळतात. बँकेतून परदेशी पैसे पाठवायला कारण आणि कागद लागतात, ते आधीच गोळा करून ठेवा. जपानमध्ये राहायची जागा आणि जबाबदारी घेणारा माणूस नसेल तर अर्ज टिकत नाही. किनाऱ्यावर फिरायच्या परवान्यावर उतरलेल्या तारवट्याची इथेच अडचण होते.

गुन्हा नाकारणाऱ्याला जामीन मिळणे कठीण, ही जपानी व्यवस्थेवरची सर्वांत रास्त टीका. तिथलेच वकील तिला ‘ओलीस न्याय’ म्हणतात. ओकावारा काकोकी या कंपनीच्या तिघांना मार्च २०२० मध्ये पकडले. त्यांतल्या एकाला कर्करोग असूनही जामीन नाकारत राहिले, तो २०२१ मध्ये मरण पावला, आणि काही महिन्यांनी सरकारी वकिलांनी आरोपच मागे घेतले. आपल्या तुरुंगांत तीन चतुर्थांश कैदी खटल्याची वाट बघणारे आहेत, तेव्हा आपण फार शहाणपणा सांगू नये. जपानमध्ये निदान खटला लवकर उरकतो. कबुली असेल तर दोन-तीन तारखांत.

निर्दोष सुटला तरी सरकारी वकील अपील करू शकतो, भारतातल्यासारखेच. अमेरिकेत ते चालत नाही. गोविंद मैनाली या नेपाळी कामगाराला टोकियोच्या न्यायालयाने २००० साली खुनातून निर्दोष सोडले, तरी त्याला कोठडीतच ठेवले, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि डीएनएच्या आधारे तो २०१२ मध्ये सुटला. सरकारी अपील होईल का आणि तोवर माणूस कुठे राहील, हे निकालाच्या आधी वकिलाला विचारून ठेवा.

जाणाऱ्याच्या बॅगेत आणि डोक्यात

रेसिडेन्स कार्ड सतत खिशात. नसल्यास २ लाख येनपर्यंत दंड. पर्यटकाने पासपोर्ट. रस्त्यावरची कुणाचीही सायकल हात न लावता जाऊ द्यायची. सहा सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू कारणाशिवाय जवळ नको, मासे कापायचा असला तरी. कोडीनचे खोकल्याचे औषध आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या घरी ठेवा. जपानमध्ये त्यांवर कडक मर्यादा आहेत. गांजा बाळगणे आधीपासून गुन्हा होताच, १२ डिसेंबर २०२४ पासून ओढणेही आहे, ७ वर्षांपर्यंत. अमली पदार्थांत शिक्षा स्थगित झाली तरी देशाबाहेर काढतात. पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणारा आणि जाणूनबुजून शेजारी बसणाराही अडकतो. सायकल पिऊन चालवली तरी तुरुंगाची तरतूद आहे.

शेवटी निर्दोष सुटलेल्यासाठी जपानमध्ये एक गोष्ट आपल्यापेक्षा सरस आहे. कोठडीतल्या प्रत्येक दिवसासाठी १,००० ते १२,५०० येन भरपाई कायद्याने मिळते. आपल्याकडे असा कायदाच नाही. निकाल कायम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत, ज्या न्यायालयाने निर्दोष ठरवले तिथेच अर्ज करायचा. माणूस तोवर गोव्यात परतलेला असेल, म्हणून वकीलपत्रावर निघण्यापूर्वीच सही करून ठेवायची.